वळचणीचे पाणी : सोलापूरजवळच्या एका जुन्या स्थानकाच्या दुरुस्तीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

सोलापूर ते कुर्डुवाडी या टप्प्यातील एका लहान स्थानकाच्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम आमच्या कार्यालयाकडे आले असून आज कनिष्ठ अभियंता मॅडम आणि स्टेशन मास्तर यांच्या उपस्थितीत पहिली पाहणी झाली. करारातील अटीमुळे स्थानकाचे नाव या नोंदींत येणार नाही. सोलापूरच्या कोर्टात, सिव्हिल हॉस्पिटलात, कॉलेजांत आणि कारखान्यांत रोज जाऊन संध्याकाळी परतणारे ‘अप-डाउन’वाले ज्यांचे फलाट सकाळी भरून टाकतात, अशा स्थानकांपैकी ते एक आहे, एवढी ओळख पुरे.

इमारत ७० फूट लांब, काळ्या घडीव दगडाची आहे. भिंती दोन फूट जाड, वर सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, आणि फलाटाच्या बाजूला बिडाच्या आठ खांबांनी पेललेली पडवी. पडवीच्या कडेने नक्षीदार लाकडी झालर होती. तिचा निम्मा भाग गेला आहे आणि उरलेल्या भागावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. तिकिटाची खिडकी, सामान तोलण्याची जागा, मास्तरांची खोली आणि टोकाला सिग्नलच्या रॉकेलच्या दिव्यांची खोली हा जुना क्रम अजून ओळखू येतो, जरी दिव्यांच्या खोलीत आता बॅटऱ्या आणि केबलची भेंडोळी असली तरी.

कामाच्या यादीत पहिला क्रमांक ‘संपूर्ण रंगकाम’ असा होता. तो शेवटी नेण्याची विनंती मी केली आहे, कारण फलाटाकडील भिंत कंबरेपर्यंत ओली आहे आणि गेल्या पावसाळ्याला दोन महिने होऊन गेले आहेत. ओल्या भिंतीवर रंग लावणे म्हणजे ठेकेदाराला दर दोन वर्षांनी काम मिळवून देणे होय.

२१ नोव्हेंबर २०२४

इमारत नेमकी कधीची, यावर गावात एकच उत्तर मिळते : १८६०. त्याचे कारण उघड आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली आणि लोहमार्ग सोलापूरला पोहोचला तो १८६० साली. त्या वेळी भोर घाटातील मार्ग पुरा झालेला नव्हता. तो १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे जवळपास तीन वर्षे सोलापूरकर पुण्यावरून खंडाळ्यापर्यंत आगगाडीने, पुढे घाट पालखीने किंवा तट्टावरून उतरून खोपोलीला, आणि तेथून पुन्हा गाडीने मुंबईला, असा प्रवास करीत होता. हाच मार्ग पुढे १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला.

मार्ग १८६० चा आहे म्हणून इमारतही त्याच सालची, असे मात्र ठरत नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगलोरला १८६५ साली काढला, तेव्हा आजचे छप्पर त्याच्या आधीचे असू शकत नाही. पडवीची एक तुळई म्हणून चक्क जुना रूळ वापरलेला आहे आणि गंज खरवडल्यावर त्याच्या पोटावर १८८९ हा उठावाचा आकडा स्पष्ट वाचता आला. रूळ रुळावरून उतरून तुळई होईपर्यंत आणखी काही वर्षे गेली असणारच. दगडी भिंती जुन्या, छप्पर नंतरचे आणि पडवी त्याहून नंतरची, असा क्रम मी अहवालात धरला आहे. मास्तरांना तो फारसा रुचला नाही. “म्हणजे आमचं स्टेशन लहान झालं की ओ,” असे ते म्हणाले.

२ डिसेंबर २०२४

ओलीचा शोध घेण्यासाठी भिंतीच्या तळाशी तीन ठिकाणी गिलावा काढला. आत आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्यांचा इतिहास थरांनी बसलेला होता : मूळ दगड आणि चुन्याच्या दरजा (दगडांमधले सांधे), त्यावर कधीतरी चढवलेला सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट, आणि सर्वांत वर चार फुटांपर्यंत चकचकीत फरशा.

आपल्याकडचा काळा दगड घट्ट असतो, तो स्वतः फार पाणी पीत नाही. भिंतीतले पाणी फिरते ते दरजांमधून. चुन्याची दरज ओल शोषते आणि ऊन पडले की सोडूनही देते. तिला श्वास आहे असे जुने गवंडी म्हणतात ते याच अर्थाने. सिमेंटने आणि फरशीने तो मार्ग बंद झाला की आतली ओल वाट शोधत वर चढते, सोबत जमिनीतले क्षार नेते, आणि जिथे लेप संपतो तिथे बाहेर पडून पांढरी बुरशीसारखी रेघ उमटवते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो. येथे ते निदान खिडकीच्या तावदानापर्यंत गेलेले आहे.

दुसरे कारण पायाखाली सापडले. फलाट दोनदा उंचावण्यात आला आहे. पूर्वी सखल असलेला फलाट आता रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर या उंच फलाटाच्या मापात आहे, आणि डब्याची पायरी चढताना म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्यामुळे इमारतीची जमीन फलाटापेक्षा १४ इंच खाली गेली आणि बिडाच्या खांबांच्या बैठका पुरल्या गेल्या. शिवाय फलाटाचा उतार नियमाने रुळापासून दूर, साठास एक या प्रमाणात, म्हणजे इमारतीच्या दिशेने असतो. आमच्या २४ फूट रुंद फलाटात कडेपासून भिंतीपर्यंत जवळपास पाच इंचांचा फरक पडतो. सगळे पावसाचे पाणी भिंतीशी येते आणि तिथे त्याला घ्यायला कोणी नाही. पूर्वी कोणीतरी असणार, या विचाराने भिंतीलगत एक चर खोदण्याची परवानगी मागितली आहे.

१० डिसेंबर २०२४

रंगाचे थर तपासले. पद्धत साधी असून वेळखाऊ आहे : खांबावर हाताच्या पंजाएवढी जागा निवडून एकेक थर पाते आडवे धरून ओलसर खरवडायचा, आणि प्रत्येक थराची एक पायरी मागे ठेवायची, म्हणजे शेवटी रंगांची एक छोटी शिडी दिसते. खांब क्रमांक ३ वर नऊ थर निघाले. वरून पिवळा, त्याखाली दोन प्रकारचे निळे, मग राखाडी, मग एक विचित्र गुलाबी (याचे उत्तर कोणाकडेच नव्हते), त्यानंतर हिरवट छटेचे दोन, मग गडद विटकरी, आणि अगदी तळाशी बिडाला चिकटून शेंदरी.

सोबत असलेल्या गवंडीमामांनी ते पाहताच हात जोडल्यासारखे केले. त्यांच्या गावच्या मारुतीचे शेंदराचे कवच काही वर्षांपूर्वी आपोआप गळून पडले आणि आत मूळ मूर्ती निघाली, त्याची त्यांना आठवण झाली. उपमा त्यांना वाटली त्याहून नेमकी होती, कारण तळाचा शेंदरी थर म्हणजे खरोखरच शेंदूर आहे : शिशाचे भस्म, जे त्या काळी लोखंडावर गंजरोधक म्हणून पहिल्या हाताला लावीत. त्यामुळे येथे पुढचे सगळे खरवडणे ओल्यानेच होईल, खाली प्लॅस्टिक अंथरले जाईल, तोंडाला साधा रुमाल चालणार नाही, आणि ब्लो-लॅम्पने रंग जाळण्यास पूर्ण मनाई राहील. शिशाची धूळ आणि धूर ही गंमत नव्हे. खरवड वेगळ्या पिंपात गोळा करून मोहोरबंद ठेवत आहोत. विटकरी हा पडवीचा जुना रंग धरून तोच पुन्हा लावण्याचा प्रस्ताव मॅडमकडे पाठवला.

१९ डिसेंबर २०२४

आजचा दिवस खांब क्रमांक ५ मध्ये गेला. ‘मध्ये’ हा शब्द जाणून वापरला आहे. हे खांब पोकळ आहेत आणि ते नुसते छप्पर पेलत नाहीत : पडवीच्या पन्हळीतले पाणी खांबाच्या डोक्यातून आत शिरून त्याच्या पोटातून खाली जाते. वेगळा नळ नाही, काही नाही. ज्याने हे योजले त्याने शोभा, आधार आणि निचरा एकाच ओतकामात बसवला. पुढे केव्हातरी पन्हळीच्या तोंडांवर पत्रा ठोकला गेला, खांब ‘बंद’ झाले आणि पडवीचे पाणी थेट प्रवाशांच्या डोक्यावर पडू लागले. मग त्यासाठी पुढे आणखी एक पत्र्याची शेड वाढवली गेली.

पत्रा काढून वरून सळई सोडली तर ती नऊ फुटांवर अडकली. खालून हात जाईल एवढे झाकण खांबाच्या बैठकीत असणार, परंतु बैठक फलाटात पुरलेली. तेवढी फरशी उचलून १६ इंच खाली गेल्यावर चार बोल्टांचे झाकण मिळाले. रात्रभर तेल पाजून सकाळी बोल्ट सुटले, झाकण निघाले आणि काळा गाळ पायावर आला. त्यात कबुतरांच्या घरट्यांच्या काड्या, कौलांचे तुकडे, तीन गोट्या, एक पितळी बटण आणि चिंचोक्यांचा अक्षरशः ढीग होता. चिंचेचे झाड स्थानकामागे आजही आहे. खांबाच्या पोटात चिंचोके टाकण्याचा खेळ किती पिढ्या चालला असेल, याचा हिशेब मास्तरांनी तिथेच उभ्या उभ्या मांडायला घेतला होता.

गाळ साचून राहिल्याने आतून गंज फुगला आहे आणि खांबाला बाहेरून दोन फूट लांब उभी चीर पडली आहे. क्रमांक ७ चीही अवस्था तीच. उरलेले सहा ठीक.

२७ डिसेंबर २०२४

चराची परवानगी आली. परांची बांबूचीच बांधायची आहे, लोखंडी शिडी आणायची नाही, कारण या मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून डोक्यावर २५ किलोव्होल्टची तार आहे आणि तिच्या दोन मीटरच्या आत कोणतेही काम वीज व वाहतूक बंद केल्याशिवाय करता येत नाही. पडवीच्या बाहेरच्या कडेसाठी रात्रीचे दोन तासांचे ब्लॉक मागितले.

१३ जानेवारी २०२५

काम बंद. गड्ड्याची यात्रा सुरू झाल्यामुळे गवंडी, सुतार आणि हरकामे असे सगळेच सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे आहेत. संक्रांत होईपर्यंत कोणी हलणार नाही आणि त्यांना हलवण्याचा प्रयत्न करणारा सोलापूरचा नव्हे. या सवडीचा उपयोग करून मुंबईला जाऊन भायखळा पाहून येण्याचे ठरवले.

१९ जानेवारी २०२५

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने दादरला उतरून धीम्या लोकलने परळ, करी रोड, चिंचपोकळी करत भायखळ्याला पोहोचलो. या स्थानकाचा इतिहास आमच्या मार्गाच्याच घराण्यातला आहे. १८५३ मध्ये येथे आधी लाकडी बांधकाम होते. आजची दगडी इमारत १८५७ ची, म्हणजे सोलापूरला रेल्वे येण्याच्याही तीन वर्षे आधीची. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे जतनकाम झाले, २९ एप्रिल २०२२ रोजी ती नव्याने लोकांपुढे आली, आणि त्याच वर्षीच्या युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत तिला ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ मिळाले.

मला तेथे पुरस्कार पाहायचा नव्हता. जलद आणि धीम्या दोन्ही लोकल जिथे थांबतात, जिथे गर्दी ओसरते ती फक्त मध्यरात्रीनंतर, अशा जागी हे काम गाड्या चालू ठेवून कसे बसवले असेल, हे मला समजून घ्यायचे होते. दोन तास उभा राहिलो. पहिल्या अर्ध्या तासात काहीच वेगळे दिसले नाही, आणि नंतर लक्षात आले की न दिसणे हाच त्या कामाचा मोठा भाग आहे. वर्षानुवर्षे इमारतीवर चढलेले थर, खोके, तारा उतरवल्यावर जे राहते ते मुळात तिथे होतेच. माणसे भिंतीला टेकून फोन पाहत होती. एका बाईने भाजीची पिशवी दगडी कट्ट्यावर ठेवून मुलाचे बूट बांधले. इमारत वापरात आहे, संग्रहालयात नाही.

परतीच्या गाडीत आमच्या कामाची यादी पुन्हा काढली. त्यात ‘बसवणे’ या क्रियापदाने संपणाऱ्या १७ बाबी होत्या आणि ‘काढणे’ने संपणाऱ्या ४. सकाळी सोलापूरला उतरेपर्यंत ‘काढणे’ची संख्या १२ झाली होती. ग्रॅनाइट, खोटे छत आणि दर्शनी भिंतीवरील चित्रपट्टी ही तीन कलमे मी रद्द करण्यासाठी सुचवली आहेत. चित्रपट्टी राहील असे दिसते.

३ फेब्रुवारी २०२५

चुना भिजवला. स्थानकामागे आठ फूट लांब खड्डा घेऊन आतून विटा लावल्या आणि कळीचा चुना पाण्यात सोडला. पाणी उकळू लागले, वाफेचे लोट उठले, आणि सकाळच्या पॅसेंजरची वाट पाहणारे निम्मे प्रवासी फलाट सोडून पाहायला आले. चुना विरल्यावर किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा, मग एक भाग चुना, दीड भाग चाळलेली नदीची वाळू आणि दीड भाग विटांची सुरखी, असे प्रमाण ठरवले आहे. गवंडीमामा त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालणार आहेत. कनिष्ठ अभियंता मॅडमनी हिरडा कोणत्या कलमाखाली दाखवायचा असे विचारले. ‘मिश्रणातील पूरक घटक’ असे लिहिले आहे.

या मामांचे वडील चुन्याच्या घाणीवर काम करीत. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चरातून चालायचे आणि चुना लोण्यासारखा होईपर्यंत दळला जायचा. आम्ही यंत्राची चक्की भाड्याने आणली आहे. मामांनी पहिला घाणा बोटांत चोळून “अजून चावतोय” एवढेच म्हटले आणि तो परत चक्कीत टाकला.

१७ फेब्रुवारी २०२५

तीन दिवस मी दुसऱ्या कामावर होतो. त्या काळात उपठेकेदाराच्या माणसांनी मागच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून टाकल्या. चुना अजून मुरतो आहे, मजूर रिकामे बसले आहेत, आणि सिमेंट तर गोदामात होते, असे त्यांचे उत्तर. त्यांची चूक आहेच, परंतु फलाटाच्या शेडसाठी आणलेल्या सिमेंटच्या गोण्या त्याच गोदामात ठेवू देणारा मीच होतो.

सिमेंट कोवळे होते, म्हणून छिन्नीने काढता आले. यंत्राचा ग्राइंडर लावू दिला नाही, कारण त्याने दरजेबरोबर दगडाची कडही जाते आणि एकदा गेलेली, टाकीने घडवलेली कड परत येत नाही. सहा माणसांचे चार दिवस यात गेले. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना उपठेकेदाराचा मिस्त्री माझ्यापासून दूर बसला होता. चौथ्या दिवशी तो आपणहून जवळ आला आणि चुन्याची दरज किती खोल भरायची ते विचारू लागला. दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, आणि भरण्याआधी धुऊन ओली करून, असे त्याला सांगितले.

६ मार्च २०२५

बिडाच्या चिरांवर उपाय मिळाला, आणि तो मिळाला यंत्रमागाच्या कारखान्यात. पोलादाप्रमाणे बिडावर सरळ वेल्डिंग करता येत नाही. एका जागी तापून निवताना शेजारी नवी चीर जाते. पुण्याच्या एका संस्थेने खांब बदलून पोलादी नळ घालावेत, वरून ओतीव नक्षीसारखे फायबरचे कवच चढवावे, असा सल्ला दिला होता. तो मी बाजूला ठेवला.

सोलापुरात यंत्रमागाच्या चौकटी बिडाच्या असतात आणि त्या मोडतात, तेव्हा त्या जोडणारी माणसेही याच शहरात आहेत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत असे काम करणारे एक गृहस्थ भेटले. तरुणपणी ते मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांना पडवीचा तुटलेला कंस दाखवला. त्यांनी तो टांगून हातोडीने टिचकी मारली, कान लावून ऐकले, आणि “ह्यात लपलेली चीर न्हाई” म्हणाले. कंस भट्टीत सावकाश तापवून पितळेचा डाग दिला आणि राखेत पुरून रात्रभर निवू दिला. सकाळी तीच टिचकी मारली तर आवाज स्वच्छ निघाला.

उभे खांब भट्टीत नेता येत नाहीत. त्यांना ते टाके घालणार आहेत : चिरेला आडवी घरे कोरायची, त्यांत चाव्या ठोकून बसवायच्या, मधल्या रेषेत एकमेकांत अडकणारे पेच भरायचे आणि वरून घासून सपाट करायचे. उष्णतेचा संबंधच नाही. क्रमांक ५ ला १४ टाके आणि क्रमांक ७ ला ११ लागतील. काम चालू असताना दोन्ही बाजूंना सागवानी टेके देऊन पडवीचा भार उचलून धरायचा आहे.

२४ मार्च २०२५

तिकिटाच्या खिडकीवरची लॅमिनेटची पाटी काढली. आत अर्धगोल सागवानी चौकट शाबूत आहे आणि पैसे सरकवून सरकवून तिच्या फळीला मध्यभागी बशीसारखा खळगा पडला आहे. सुतारकाका ती रंधायला निघाले होते, त्यांना थांबवले. ती फळी रंधली तर उरेल फक्त लाकूड.

फळीच्या मागच्या फटीत पुठ्ठ्याचे एक तिकीट मिळाले. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंच रुंद, जाड पुठ्ठा, म्हणजे एडमन्सन पद्धतीचे जुने तिकीट. त्यावर ‘तिसरा वर्ग’ वाचता येते. हा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. पुढचा तपशील वाळवीने खाल्ला आहे. मास्तरांनी ते काचेखाली ठेवले.

१६ एप्रिल २०२५

पारा चाळिशीपार गेल्याने चुना हाताळणे अवघड झाले आहे. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो, आणि त्याला त्यासाठी ओलावा लागतो. आमच्याकडच्या उन्हात तो दगड होण्याआधीच वाळून भुसा होतो. पहाटे पाच ते नऊ काम, त्यानंतर ओले गोणपाट, दर दोन तासांनी पाणी. पाण्याचा टँकर दिवसाआड. गोणपाटाने झाकलेली भिंत पाहून एका अप-डाउनवाल्या शिक्षकांनी “स्टेशनला ताप आलाय का?” असे विचारले.

त्यांचीच खरी तक्रार मात्र वेगळी होती आणि ती रास्त होती : बाके हलवल्याला सहा आठवडे झाले, सावली नाही, बायका-मुले उन्हात उभी असतात. रंगीत आराखड्यांत सगळे होते, तात्पुरत्या मांडवाची बाब आम्ही घातलीच नव्हती. आज संध्याकाळी ताडपत्रीचा मांडव घातला आणि दोन माठ ठेवले.

१२ मे २०२५

शाकारणी सुरू. कौले उतरवून, ब्रशने घासून, टिचकी मारून तपासून रचली जात आहेत. जुनी चांगली कौले फलाटाकडच्या उतारावर एकत्र आणि नवी मागच्या उतारावर, असे ठरवले, कारण जुन्या-नव्याची सरमिसळ ठिगळासारखी दिसते आणि मापातल्या बारीक फरकामुळे खाचा नीट बसत नाहीत. रिपा बहुतेक बदलाव्या लागतील. कैच्या उत्तम, दोनच टोके भिंतीत कुजलेली आहेत, तेवढा भाग कापून सागवानाचा तिरका सांधा दिला. काम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपेल.

२२ मे २०२५

संपले नाही. जूनपर्यंत पाऊस येत नाही या भरवशावर मी फलाटाकडचा सगळा उतार एकदम उघडला होता आणि काल संध्याकाळपासून धो-धो कोसळतो आहे. ताडपत्र्या होत्या, पण वाऱ्याने त्या तारांकडे उडू लागल्या तेव्हा जीव मुठीत धरून आधी त्याच खाली ओढून बांधाव्या लागल्या. मास्तरांच्या खोलीतल्या नोंदवह्या आणि संगणक आम्ही चौघांनी प्रवाशांच्या मदतीने बाहेर काढले. नव्या चुन्याच्या गिलाव्याचा आठ फुटांचा पट्टा धुऊन गेला. उतार दोन भागांत उघडला असता तर हे टळले असते.

एक उपयोग झाला. छप्पर नसलेल्या इमारतीत पाणी कसे वाहते ते दिसले. दिव्यांच्या खोलीजवळ ते साचले, गोल फिरले आणि जमिनीतल्या एका फटीतून गुडगुड करत नाहीसे झाले.

२९ मे २०२५

ती फट उघडली. चराच्या तळाशी, आजच्या फलाटाखाली अडीच फुटांवर, शहाबादी फरशांनी बांधलेले एक फूट रुंद दगडी गटार आहे. ते सगळ्या भिंतीच्या कडेने जाते, आठही खांबांच्या बैठकांतून येणारी तोंडे त्याला मिळतात, आणि ते मागच्या ओढ्याकडे निघून जाते. शहाबाद याच मार्गावर पुढे, वाडीच्या अलीकडे आहे. फरशी आली ती गाडीनेच आली असणार. एका ठिकाणी गटारावर झाकण म्हणून बारीक रुळांचे तुकडे टाकलेले आहेत. मुख्य मार्गाचा रूळ एवढा किडकिडीत नसतो. मामांनी पाहताक्षणी ‘बार्शी लाइटचे’ म्हटले. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला निघालेली ती अडीच फुटी गाडी यार्डाला ३० पौंड वजनाच्या रुळांवर धावत असे, आणि या तुकड्यांचे वजन करून पाहिले तर मामांचे म्हणणे खोटे ठरत नाही.

फलाट खाली नेणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून भिंतीलगत जाळीदार झाकणाची नवी उथळ नाली करून ती दर दहा फुटांवर उभ्या नळाने खालच्या जुन्या गटारात सोडायची, खांबांच्या बैठकांभोवती झाकण उघडता येईल एवढे चौकोनी हौद ठेवायचे, आणि तिकीट खिडकीपाशी १४ इंचांच्या फरकासाठी कठड्यासह उतरण करायची, असे मॅडमनी मान्य केले. बार्शी लाइटचे तुकडे जिथे होते तिथेच परत टाकले आहेत.

१४ जून २०२५

कौले पूर्ण. झालर बसवली : जुने २३ तुकडे आणि त्यांवरून कागदावर ठसा घेऊन कापलेले नवे २६. नव्या तुकड्यांच्या मागे सुतारकाकांनी खोदणीने साल घातले आहे, म्हणजे पुढे कोणी तपासले तर फसणार नाही. पडवीला विटकरी रंगाचा पहिला हात. चित्रपट्टी राहिली, मात्र ती दगडी भिंतीऐवजी मागच्या कुंपणावर गेली.

२८ जून २०२५

दुपारी चार वाजता दमदार सर आली. आम्ही सगळे काम सोडून पडवीत उभे राहिलो. कौलांवरून पन्हळीत, पन्हळीतून खांबांच्या डोक्यात आणि तेथून खाली, असा आवाज आठ ठिकाणी निरनिराळा ऐकू येत होता. जॉबर बुवा प्रत्येक खांबाला कान लावत फिरत होते. हौदांची झाकणे उघडी ठेवली होती. सात तोंडांतून पाणी मोकळे येत होते. क्रमांक ५ चे टाके कोरडे आहेत, भिंतीशी पाणी साचले नाही, दर्शनी भिंतीची ओल खिडकीखाली दोन फूट उतरली आहे.

क्रमांक २ मधून मात्र बोटाएवढी धार येत होती, आणि तीही अडखळत. हा ‘ठीक’ म्हणून सोडलेल्या सहांपैकी एक. सळई वरून साडेसात फुटांवर थांबते. उद्या सकाळची पॅसेंजर गेल्यावर बैठकीचे झाकण काढणे. तेल आजच रात्री लावून ठेवले आहे.